न ठरवता केलेलं लाइव्ह कोडिंग पाहून वेब डेव्हलपमेंट शिकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अनस्क्रिप्टेड लाइव्ह कोडिंग’ म्हणजे नेमकं काय?

एखादा डेव्हलपर आपला स्क्रीन सगळ्यांसमोर उघडा ठेवून, मोठ्याने बोलत बोलत खरं काम करतो. आधी लिहिलेली संहिता नाही, बसवून ठेवलेला कोड नाही, नंतर कात्री लावलेली नाही. कंस मिटवायचा राहिला तर तो राहिलेला दिसतो. सर्व्हर सुरू होईना म्हणून अर्धा तास गेला, तर तो अर्धा तासही तसाच दिसतो.

ट्विच ही थेट प्रक्षेपणाची साइट २०११ मध्ये व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसाठी सुरू झाली, पण गेम लिहिणारे तिथे फार उशिरा आले नाहीत. माइनक्राफ्टचे कर्ते मार्कस पेर्सन यांनी त्याच वर्षी ‘लुडम डेअर’ या ४८ तासांत गेम बनवायच्या स्पर्धेतलं आपलं काम थेट दाखवलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये केसी मुराटोरी यांनी ‘हँडमेड हिरो’ सुरू केलं. कुठलीही तयार लायब्ररी न घेता अख्खा गेम शून्यापासून लिहायचा, तोही रोज लोकांसमोर, आणि शेवटी प्रश्नोत्तरं. त्याचे सहाशेहून जास्त भाग झाले. हे वेबचं काम नाही, पण कोड लिहिणं बसून पाहण्यासारखं असतं हे पुष्कळांना तिथे कळलं.

शोधताना दोन गोष्टींत गफलत होते. कोड लिहून मैफलीत संगीत वाजवणाऱ्या कलाप्रकारालाही ‘लाइव्ह कोडिंग’ म्हणतात, तो वेगळा. आणि ‘कोड विथ मी’ नावाच्या बऱ्याच व्हिडिओंत मागे मंदसं संगीत आणि कीबोर्डची टकटक असते, माणूस अक्षर बोलत नाही. अभ्यासाला सोबत म्हणून ते छान आहेत. शिकण्यासाठी मात्र बोलणारा माणूस हवा.

नेहमीच्या ट्युटोरियलमध्ये नाही असं यात काय मिळतं?

शोध. बिघाड कुठे आहे हे माणूस कसं शोधतो, ते.

तयार ट्युटोरियल करणाऱ्याला उत्तर माहीत असतं आणि तो तुम्हाला सरळ रस्त्याने तिथे नेतो. त्यात वाईट काही नाही. सुरुवातीला तेच हवं. पण कामावर बसल्यावर दिवसाचा मोठा भाग ‘हे चालत का नाही’ यातच जातो, आणि त्या भागाचं शिक्षण कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. बीसीएसला किंवा इंजिनिअरिंगला प्रॅक्टिकलच्या वहीत आपण चालणारा प्रोग्रॅम उतरवतो. तो न चालणाऱ्या अवस्थेतून चालणाऱ्या अवस्थेत कसा आला, याला वहीत जागाच नसते.

१९८९ मध्ये ॲलन कॉलिन्स, जॉन सीली ब्राउन आणि सुझन न्यूमन यांनी शिक्षणाबद्दल एक मांडणी केली होती. शिंप्याकडे राहिलेल्या पोराला उस्तादाचे हात दिसतात: कापड कसं धरलं, कात्री कुठून फिरवली. वाचन, लेखन, गणित या कामांत मात्र खरं काम डोक्यात चालतं आणि शिकणाऱ्याला फक्त निकाल दिसतो. म्हणून जाणकाराने आपला विचार मोठ्याने बोलून उघड करावा, असं त्यांचं म्हणणं. प्रोग्रामिंग हे असंच डोक्यातलं काम. अनुभवी माणूस एरर वाचताना आधी कुठल्या ओळीवर डोळा टाकतो, काय सरळ सोडून देतो, कधी ‘हा रस्ता चुकीचा’ म्हणून मागे फिरतो, हे एरवी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्याशिवाय कळत नाही. ज्यांना अशी खुर्ची मिळत नाही, म्हणजे तालुक्याच्या गावी एकट्याने शिकणारे, घरून काम करणाऱ्या कंपनीत पहिल्याच दिवशी एकटे पडलेले, त्यांच्यासाठी हे व्हिडिओ फार मोलाचे आहेत असं मला मनापासून वाटतं.

एखादं उदाहरण देऊन सांगाल का?

एक नेहमी अडणारं घोडं घेऊ. बातमीचं कार्ड बनवायचं आहे: डावीकडे चित्र, उजवीकडे मथळा. मथळा लांब असेल तर एका ओळीत राहून शेवटी तीन टिंबं यावीत. डेव्हलपर फ्लेक्सबॉक्स (घटक शेजारी-शेजारी मांडायची सीएसएसची पद्धत) लावतो, मथळ्याला ‘ओव्हरफ्लो हिडन’, ‘व्हाइटस्पेस नोरॅप’ आणि ‘टेक्स्टओव्हरफ्लो एलिप्सिस’ देतो. तरी मथळा कार्ड फाडून बाहेर जातो.

ट्युटोरियलमध्ये या जागी एकच वाक्य येईल: ‘इथे मिनविड्थ शून्य करा.’ तुम्ही कराल, चालेल, आणि महिन्याभराने दुसऱ्या पानावर तोच घोळ झाला की पुन्हा तिथेच अडाल.

लाइव्हमध्ये काय होतं? आधी तो रुंदी शंभर टक्के करून पाहतो, फरक नाही. मग रुंदीला दोनशे पिक्सेलची मर्यादा घालतो. टिंबं येतात, तो खूश होतो, पण मोबाइलच्या आकारात पान पाहतो तर मथळा उगाच आखूड झालेला. तो बदल काढून टाकतो. (ही कृती नीट बघा. न चाललेला उपाय कोडमध्ये पडू द्यायचा नाही, ही सवय कुणी शिकवत नाही.) मग तो डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमधली तपासणीची साधनं, उघडून प्रत्येक डब्याभोवती लाल रेघ ओढतो. आता दिसतं की मथळा बिचारा बरोबरच आहे, त्याला पोटात घेणारा बाहेरचा डबाच पसरला आहे. म्हणजे प्रश्न ‘मथळा का कापला जात नाही’ हा नव्हता, ‘बाहेरचा डबा आकसत का नाही’ हा होता. प्रश्न बदलला की उत्तर सापडतं: फ्लेक्समधल्या घटकाची किमान रुंदी मुळात शून्य नसते, ‘ऑटो’ असते, म्हणून आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तो तयार होत नाही. मिनविड्थ शून्य केली की आकसतो.

शेवटची ओळ दोघांचीही एकच. पण लाल रेघा ओढणं आणि प्रश्न नव्याने मांडणं ही जी हत्यारं हाती आली, ती पुढच्या कुठल्याही सीएसएसच्या घोळात चालतात.

दुसरं छोटं उदाहरण. जावास्क्रिप्टच्या फेचने सर्व्हरकडून माहिती मागवल्यावर कन्सोलमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड टोकन <’ असा एरर येतो. नवखा माणूस आपल्या जावास्क्रिप्टमध्ये ते चिन्ह शोधत बसतो. अनुभवी माणूस कोडकडे वळतही नाही. तो नेटवर्क टॅब उघडतो आणि सर्व्हरने काय पाठवलं ते पाहतो. तिथे जेसनऐवजी ‘४०४’चं एचटीएमएल पान आलेलं असतं, आणि ते चिन्ह त्या पानाचं पहिलंच अक्षर असतं. ४०४ आलं म्हणून फेचचं प्रॉमिस नाकारलं जात नाही, ‘ओके’ आहे की नाही हे आपणच तपासायचं असतं, हेही ओघात कळतं.

मी अगदी नवीन आहे. थेट इथूनच सुरुवात करू का?

नको. एचटीएमएलचे टॅग, सीएसएसचे सिलेक्टर, जावास्क्रिप्टमधले व्हेरिएबल, फंक्शन, ॲरे आणि लूप ओळखता आल्याशिवाय लाइव्ह कोडिंग डोक्यावरून जाईल. आणि त्याहून वाईट म्हणजे, काहीतरी कळतंय असा भास होत राहील. आधी एखादा शिस्तीतला अभ्यासक्रम पुरा करा. २०१४ पासून चालू असलेलं फ्रीकोडकॅम्प फुकट आहे, संदर्भासाठी एमडीएन ही वेब तंत्रांची माहिती देणारी साइट आहे. कागदावरचं एक साधं पान कुणाच्या मदतीशिवाय ब्राउझरमध्ये उतरवता आलं आणि एका बटणाने काहीतरी घडवता आलं, की इकडे या.

कुणाचे व्हिडिओ पाहावेत?

नवख्यांना मी आधी डॅनियल शिफमन यांच्या ‘द कोडिंग ट्रेन’कडे पाठवतो. ते न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवतात. त्यांच्या ‘कोडिंग चॅलेंज’मध्ये साप-गेम, पडणारा जांभळा पाऊस असे छोटे खेळ ते कॅमेऱ्यासमोर उभे राहून लिहितात, अडतात, आणि अडल्याचं लपवत नाहीत. बरेचसे खेळ पी५.जेएसमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारे आहेत. त्यातले काही संपादित आहेत, तरी विचार करतानाचं बोलणं शाबूत आहे. सुरुवातीचे काही भाग प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे जावाच्या धाटणीचे आहेत. गोंधळू नका, पी५चे निवडा.

पूर्ण कच्चा माल हवा असेल तर फ्रीकोडकॅम्पच्या यूट्यूब चॅनेलवर जेसी वायगल यांचे जुने लाइव्ह व्हिडिओ आहेत. नोकरीतलं रिॲक्टचं (वेबपानं रचायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) खरं काम ते तिथे थेट दाखवत. सूझ हिंटन यांनी ट्विचवर जावास्क्रिप्ट आणि हार्डवेअरचं ओपन सोर्स काम असंच उघड्यावर केलं. प्रेक्षकांना कामात सामील कसं करून घ्यावं हे त्यांच्याकडून शिकावं.

आणि थोडी तयारी झाल्यावर आंद्रेअस क्लिंग. हे माझे सगळ्यात आवडते. त्यांनी २०१८ मध्ये सेरेनिटीओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली आणि तिच्यातूनच पुढे लेडीबर्ड हा ब्राउझर उभा राहिला. २०२४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्थाही स्थापन झाली. त्यांच्या व्हिडिओंत एखादी वेबसाइट लेडीबर्डमध्ये उघडतात, ती वेडीवाकडी दिसते, आणि मग ती तशी का दिसते याचा माग काढत ते थेट वेबच्या मानकांपर्यंत पोहोचतात. मानकातली वाक्यं कोडमध्ये कॉमेंट म्हणून ठेवायची आणि प्रत्येक वाक्याखाली त्याची अंमलबजावणी लिहायची, ही त्यांची पद्धत. कोड सी++ मधला आहे. तो समजला नाही तरी चालेल. आपण वर्षानुवर्षं वापरत आलेल्या टॅगचा नियम कुठे आणि कुठल्या शब्दांत लिहिला आहे हे एकदा पाहिलं, की सीएसएस ‘मनाला येईल तसं वागतं’ ही तक्रार कायमची संपते.

तीन-तीन तासांचा व्हिडिओ पाहायचा तरी कसा?

पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पाहायची गरज नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं: रात्री जेवण झाल्यावर सिनेमासारखा लावून पाहतात आणि सकाळी काही आठवत नाही.

आधी वर्णन आणि चॅप्टर पाहून आज नेमकं कशावर काम आहे ते जाणून घ्या. प्रकल्पाचा कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, असेल तर तो दुसऱ्या टॅबमध्ये उघडून फोल्डरची रचना नजरेखालून घाला. मग व्हिडिओ दीडपट वेगाने चालवा आणि पहिल्या एररची वाट पाहा.

एरर आला की थांबवा. हीच सगळ्यात महत्त्वाची जागा. वहीत तीन गोष्टी लिहा: एरर काय म्हणतोय, माझ्या मते दोष कुठे आहे, आणि मी असतो तर आधी काय तपासलं असतं. खरंच लिहा, मनातल्या मनात नको. मनातलं उत्तर पुढे आपसूक बदलतं आणि ‘मला वाटलंच होतं’ असं होतं. मग वेग पुन्हा नेहमीचा करा आणि पाहा. तुमचा अंदाज बरोबर आला तर उत्तम. चुकला तर त्याहून उत्तम, कारण आता तुमच्या आणि त्याच्या विचारातलं अंतर नेमकं कुठे आहे ते कागदावर आलं.

दोष सापडला की पुन्हा थांबा आणि मागे जा. त्याला उत्तर कुठल्या क्षणी कळलं? कुठली गोष्ट पाहून कळलं? पुष्कळदा तो क्षण बोलण्यात येत नाही, ‘अच्छा!’ एवढंच म्हणून तो कोड बदलतो. तो क्षण शोधायला यूट्यूबवर ‘जे’ दाबून दहा सेकंद मागे जाता येतं, आणि व्हिडिओ थांबलेला असताना स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे करता येते. स्क्रीनवर क्षणभर झळकलेला एरर वाचायला याचा फार उपयोग होतो.

चॅट पहिल्या वेळी झाकून ठेवा. प्रेक्षकांपैकी कुणीतरी चूक आधीच पाहिलेली असते आणि उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर येऊन पडतं.

एका बैठकीत असे दोन-तीन एरर नीट पाहिले तरी खूप झालं. उरलेला व्हिडिओ सोडून दिल्याचं वाईट वाटून घेऊ नका.

त्याच्यासोबत मीही टाइप करत जाऊ का?

शब्दाला शब्द नको. लाइव्हमध्ये माणूस लिहितो, पुसतो, फाइल हलवतो, मध्येच दुसऱ्या ब्रँचवर जातो. त्याच्यामागे धावताना सगळं लक्ष बोटांकडे जातं आणि कान बंद होतात. पाहा, व्हिडिओ बंद करा, आणि तीच अडचण स्वतः मुद्दाम निर्माण करून सोडवा. वरचं कार्ड रिकाम्या फाइलमध्ये बनवा, मथळा बाहेर फुटू द्या, लाल रेघा ओढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, न पाहता.

इंग्रजी झपाझप बोलतात, उच्चार कळत नाहीत. काय करू?

सबटायटल लावा, पण पूर्ण विसंबू नका. आपोआप तयार होणारी सबटायटल्स नेमके तांत्रिक शब्दच चुकवतात. ‘कॅश’ आणि ‘एसिंक’ यांचं काय काय होतं ते पाहालच. अर्थ स्क्रीनवरून लावा. समोर कोड आहे, एरर आहे, ब्राउझर आहे. निम्मं बोलणं त्यांच्याबद्दलच असतं.

आणि बोलण्यातले ठरावीक तुकडे तेच तेच असतात: ‘हे इथपर्यंत पोहोचतंय का पाहू’, ‘हे अनडिफाइन्ड का आहे’, ‘आधी छोटं करून पाहू’. आठवडा-दोन आठवडे एकाच माणसाचे व्हिडिओ पाहिले की कानाला त्याची लय बसते. दर वेळी नवा माणूस शोधू नका. मराठी माध्यमातून आलेल्यांना मी आवर्जून सांगेन की हा अडसर वाटतो तेवढा उंच नाही. तुमचे स्वतःचे टिपण मात्र मराठीतच लिहा. ज्या भाषेत विचार स्पष्ट होतो त्या भाषेत अंदाज मांडावा.

मोबाइलवर पाहिलं तर चालेल का?

ऐकायला चालेल, शिकायला नाही. लहान स्क्रीनवर आणि ४८० पीमध्ये कोडचं अक्षर वाचता येत नाही, आणि अक्षर दिसलं नाही तर एररही दिसत नाही. लॅपटॉप नसेल तर कॉलेजची लॅब किंवा संगणक असलेली अभ्यासिका गाठा. ७२० पी किमान हवं. रोजच्या दीड-दोन जीबीच्या डेटात तीन तासांचा व्हिडिओ बसवणं अवघड जातं, आणि निवडक भाग पाहण्याचं हेही एक कारण आहे.

प्रत्यक्ष लाइव्ह पाहू की नंतर रेकॉर्डिंग?

रेकॉर्डिंग. थांबवता येतं, आणि सगळी पद्धतच थांबवण्यावर उभी आहे. शिवाय अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कुणी सकाळी दहाला स्ट्रीम सुरू केला, तर आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. प्रश्न विचारायचा असेल तर एखाद्या वेळी जरूर जागा. ट्विचवरची रेकॉर्डिंग काही काळाने आपोआप पुसली जातात. त्याच माणसाचं यूट्यूब चॅनेल आहे का पाहा.

व्हिडिओ चार-पाच वर्षांचा जुना आहे. पाहण्यात अर्थ आहे का?

शोधाची पद्धत जुनी होत नाही, साधनं होतात. त्यामुळे जुना व्हिडिओ पाहा, पण त्यातली प्रकल्प सुरू करायची कमांड उचलू नका. रिॲक्टपुरतं बोलायचं तर फेब्रुवारी २०१९ मध्ये १६.८ आवृत्तीत हुक्स आले, म्हणजे क्लासऐवजी साध्या फंक्शननेच काम भागू लागलं. त्याआधीच्या व्हिडिओंत सगळीकडे क्लास दिसतील. मार्च २०२२ मध्ये रिॲक्ट १८ आलं आणि स्ट्रिक्ट मोडमध्ये, डेव्हलपमेंट चालू असताना, घटक पहिल्यांदा पानावर येताना त्याचा यूजइफेक्ट हा हुक दोनदा चालू लागला. जुन्या व्हिडिओत एकदाच जाणारी विनंती तुमच्याकडे दोनदा जाते ती यामुळे. तुमचं काही चुकलेलं नसतं. नवा रिॲक्ट प्रकल्प सुरू करून देणारं क्रिएट रिॲक्ट ॲप तर फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त केलं गेलं. आता व्हीट किंवा एखादी फ्रेमवर्क घ्या.

जुन्या व्हिडिओचा एक फायदाही आहे. त्यातला प्रकल्प आज उतरवून चालवायला घेतला की हमखास चालत नाही. तो चालता करणं हा फार चांगला सराव आहे, आणि नोकरीत पहिल्या आठवड्यात बहुधा हेच काम हातात पडतं.

लाइव्ह करणारा माणूस चुकीचं काही करत असेल तर माझ्याही अंगवळणी पडेल ना?

पडू शकतं, म्हणून डोळसपणे पाहा. वेळ वाचवायला लोक लाइव्हमध्ये टेस्ट लिहीत नाहीत, व्हेरिएबलला ‘टेम्प२’ असली नावं देतात. बरेच जण ‘हे नंतर नीट करतो’ असं सांगतात आणि तेवढं पुरेसं आहे. सुरक्षेच्या बाबतीत मात्र सूट देऊ नका. वापरकर्त्याने भरलेला मजकूर जसाच्या तसा इनरएचटीएमएलमध्ये टाकणं, डेटाबेसच्या क्वेरीत तो मजकूर अधिक चिन्हाने जोडणं, सीओआरएसचा (दुसऱ्या साइटकडून माहिती घेण्यावरच्या ब्राउझरच्या बंधनाचा) एरर आला की सगळ्यांनाच परवानगी देऊन मोकळं होणं: हे दिसलं तर वहीत लाल शाईने लिहा आणि योग्य रीत एमडीएनवर वाचून घ्या. गोष्टी खटकायला लागल्या, म्हणजे तुमची पारख तयार होते आहे.

एआय एरर क्षणात सोडवतं. मग हे कशाला पाहायचं?

हा प्रश्न आता सगळ्यात जास्त येतो आणि तो योग्य आहे. एआय उत्तर देतं, बहुतेकदा बरंही देतं. पण ते बरोबर आहे की नाही हे ठरवायला तुम्हालाच नेटवर्क टॅब वाचता आला पाहिजे. वरच्या कार्डाच्या उदाहरणात एआयला ‘मथळा कापला जात नाही’ एवढंच सांगितलं तर दोनशे पिक्सेलची मर्यादाही उपाय म्हणून येऊ शकते, आणि ती डेस्कटॉपवर चालेलही. मोबाइलवर पान उघडून पाहायचं सुचणं हे तुमचं काम.

आजकाल बरेच स्ट्रीमर एआय घेऊनच काम करतात. त्यांतले निवडताना एकच पाहा: आलेला कोड तो माणूस वाचतो का? वाचून ‘हे नको’ म्हणतो का, आणि का नको ते सांगतो का? तसं असेल तर तो व्हिडिओ सोन्यासारखा आहे. नुसतं ‘स्वीकारा, स्वीकारा’ चाललं असेल तर बंद करा. शिकत असतानाच्या काळात तुमच्या स्वतःच्या सरावात मात्र एआय बाजूला ठेवा; आधी अंदाज वहीत, मग वाटल्यास त्याला विचारा.

पाहिलेलं कशावर वापरू? टू-डू लिस्ट करून कंटाळा आला.

मराठी मजकुराची साइट करा. गावातल्या वाचनालयाची पुस्तकयादी, आजीच्या पाककृती, शाळेचं वार्षिक अंक-संग्रहालय, काहीही. परदेशातल्या लाइव्ह व्हिडिओंत जे प्रश्न सहसा दिसत नाहीत ते इथे पहिल्याच दिवशी समोर येतात, आणि तुमची शोधाची पद्धत खरोखर पारखली जाते.

जावास्क्रिप्टला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारा. उत्तर येतं ५. आपल्याला दिसतात तीन अक्षरं: म, रा, ठी. काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजली गेली. म्हणजे ‘मथळ्याची पहिली वीस अक्षरं दाखवा’ असं साधेपणाने केलंत, तर कधीतरी वेलांटीच्या आधीच कात्री लागेल आणि ‘ठी’चा ‘ठ’ होईल. जावास्क्रिप्टमधलाच इंटल.सेगमेंटर वापरून मोजा, तीन मिळतील. इंटल.नंबरफॉरमॅटला ‘mr-IN’ हा लोकेल, म्हणजे मराठी-भारत हा भाषा-देशाचा संकेत, दिला की आकडा १,२३,४५६ असा देवनागरीत आणि आपल्या स्वल्पविरामांसह येतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांट्यांना भिडतात. ते वाढवावं लागतं. फाँटसाठी मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्त’ गूगल फाँट्सवर मोफत आहे. आणि पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी असल्याचं नोंदवा, म्हणजे स्क्रीनरीडरला कुठल्या आवाजात वाचायचं ते कळेल. मराठी साइट्सवर ही एक गोष्ट इतक्या ठिकाणी राहून गेलेली असते की मला खरंच वाईट वाटतं.

मुलाखतीत याचा उपयोग होतो का?

होतो, आणि थेट होतो. बऱ्याच कंपन्यांत समोर बसवून कोड लिहायला लावतात. तिथे गप्प बसून लिहिणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते समोरच्याला कळत नाही. लाइव्ह व्हिडिओ पाहून बोलत विचार करण्याची धाटणी ओळखीची होते: ‘आधी इनपुट काय येतंय ते छापून पाहतो’, ‘इथे रिकामा ॲरे आला तर काय होईल?’ घरी एकटं असताना असं मोठ्याने बोलून सराव करा. मराठीत सुरू करा, मग इंग्रजीत.

मीही लाइव्ह करून पाहू का?

आधी फक्त रेकॉर्ड करा. स्क्रीन रेकॉर्ड करायचं ओबीएस स्टुडिओ मोफत आहे. अर्धा तास काम करा, बोलत राहा, आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः पाहा. कुठे उगाच तीच गोष्ट चार वेळा करून पाहिली ते लख्ख दिसतं. लोकांसमोर जायचं ठरवलंत तर अक्षर मोठं ठेवा, नोटिफिकेशन बंद करा, आणि पासवर्ड व एपीआय की ज्या ‘एनव्ही’ फाइलमध्ये असतात ती फाइल त्या वेळात उघडूच नका. चुकून दिसलीच तर स्ट्रीम चालू असतानाच ती की रद्द करून नवी घ्या. नंतर व्हिडिओ काढून टाकणं पुरत नाही. नोकरीतला कोड परवानगीशिवाय दाखवू नका.

मी पाहत होतो ती मालिका अर्धवटच थांबली. आता?

असं पुष्कळदा होतं. लोकांच्या नोकऱ्या बदलतात, घरी बाळ येतं, प्रकल्प बंद पडतो. गिटहबवर त्याचा रेपो (प्रकल्पाचा कोड-साठा) शोधा आणि लायसन्स पाहा. परवानगी देणारं असेल तर फोर्क करा, म्हणजे आपल्या खात्यात त्याची प्रत घ्या, तुमच्या मशीनवर चालता करा, शेवटच्या भागात तो कुठे थांबला होता तो कमिट (जतन केलेला बदल) काढा. इश्यूंच्या, म्हणजे नोंदवलेल्या अडचणींच्या, यादीतला सगळ्यात लहान इश्यू घ्या, रेकॉर्डर चालू करा, आणि तिथून पुढचा भाग तुम्ही लिहा.